डिस्क नेमकी कुठे अडकते?

घरी बनवलेल्या डीव्हीडीबद्दल ‘ही डिस्क चालत नाही’ हे वाक्य कानावर पडले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : चालत नाही म्हणजे नेमके काय होते? प्लेअर ती घेतच नाही, की घेतो पण मेनूपाशी थांबतो? चित्र सुरू होऊन मध्येच चौकोन चौकोन दिसू लागतात, की चित्र उत्तम असून आवाज मात्र बोलणाऱ्याच्या ओठांमागे पडत जातो? समोरच्याला हा प्रश्नांचा भडिमार अनावश्यक वाटतो, कारण त्याच्या लेखी चकती एक आहे आणि ती बिघडली आहे. मला त्या उत्तरांमध्ये निरनिराळे दोष दिसतात आणि त्यांतले काही तर चकतीत नसतातच. ते व्हिडिओ बनवताना राहिलेले असतात, बर्न करताना, म्हणजे चकतीवर लिहिताना, शिरलेले असतात किंवा टीव्हीखाली ठेवलेल्या प्लेअरमध्ये दडलेले असतात.

एवढी चौकशी करण्याचे कारण साधे आहे. विकत आणलेल्या चित्रपटाची डिस्क खराब झाली तर दुसरी मिळू शकते. घरी बर्न केलेल्या डिस्कचे तसे नसते. तिच्यावर कुणाचा तरी आवाज असतो, कुणाचे तरी पहिले पाऊल असते. ज्या टेपवरून ते घेतले ती टेप पुढे दुसऱ्याच चित्रीकरणासाठी वापरली गेलेली असते आणि ज्या संगणकावर त्याची डीव्हीडी बनवली तो केव्हाच भंगारात गेलेला असतो. अशी डिस्क दोनदा लावून पाहायची, चालली नाही म्हणून केराच्या टोपलीत टाकायची, हे मला फार लागते. माझ्या अनुभवात ‘गेली’ म्हणून बाजूला काढलेल्या डिस्कांपैकी बऱ्याच गेलेल्या नसतात. त्या फक्त एका विशिष्ट प्लेअरला वाचता येत नसतात.

दोष शोधायचा तर ही चकती मुळात काय आहे ते समजून घ्यावे लागते. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीवर माहिती खऱ्याखुऱ्या खळग्यांच्या रूपात असते : साच्यातून प्लॅस्टिकवर खळगे उमटतात आणि त्यांवर धातूचा परावर्तक थर चढवला जातो. बर्न करायच्या डिस्कवर असे खळगे नसतात. १.२ मिलिमीटर जाडीची ही चकती प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवून बनते आणि त्या दोहोंच्या मध्ये सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर व त्यामागे परावर्तक धातू असतो. बर्नरचा लेझर तो रंग जागोजागी तापवतो, तिथे त्याचा गुणधर्म कायमचा पालटतो आणि पुढे वाचताना ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किरण तेवढ्या जागेवरून कमी परावर्तित होऊन येतो. प्लेअरला खळगा असल्याचा भास होतो आणि सगळे काम त्या भासावर चालते. या खुणा किती बारीक असाव्यात? सर्वांत लहान खूण ०.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीची आणि शेजारच्या दोन फेऱ्यांमधले अंतर ०.७४ मायक्रॉन; सीडीमध्ये हेच अंतर १.६ मायक्रॉन होते. साहजिकच जी धूळ किंवा जो किंचित वाकडेपणा सीडीला सहन होतो, तो डीव्हीडीला होईलच असे नाही.

त्यातूनच निदानाची पहिली पायरी मिळते. एखादा प्लेअर सीडी व्यवस्थित वाजवतो पण कोणतीच डीव्हीडी घेत नाही, तेव्हा डिस्ककडे बोट दाखवू नये. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. एकाच खोक्यात बसवलेले असले तरी त्यांतला एक थकू शकतो आणि दुसरा धडधाकट राहू शकतो. छापील डीव्हीडी चालते आणि घरची तेवढी चालत नाही, असे असेल तर प्लेअरच्या भिंगावरची धूळ आणि लेझरचे वय या दोन्ही शंका जिवंत ठेवाव्या लागतात, कारण छापील डिस्ककडून येणारा संकेत स्पष्ट असतो आणि अशक्त डोळ्यालाही तो पुरतो. घरच्या डिस्कचा संकेत मुळातच थोडा पुसट. म्हणून डिस्क दुसऱ्या, शक्यतो वेगळ्या बनावटीच्या प्लेअरमध्ये लावून पाहावी आणि त्याच वेळी त्या प्लेअरमध्ये दुसरी एखादी घरची डिस्कही लावून पाहावी. एवढ्या अदलाबदलीत निम्मा गुंता सुटतो.

या विषयात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवणारा भाग म्हणजे डीव्हीडीची चुका दुरुस्त करण्याची पद्धत. नवीकोरी, उत्तम बर्न झालेली डिस्कसुद्धा बिनचूक वाचली जात नाही. प्रत्येक सेकंदाला असंख्य बाइट चुकीचे वाचले जातात आणि ते आपल्याला कळतही नाही. माहिती ३२ किलोबाइटच्या ठोकळ्यांत बांधलेली असते. प्रत्येक ठोकळा आडव्या ओळी आणि उभ्या रकाने यांच्या जाळ्यात मांडतात, प्रत्येक ओळीच्या शेवटी १० आणि प्रत्येक रकान्याच्या तळाशी १६ जादा बाइट जोडतात. शब्दकोड्यात आडवा शब्द अडला तर उभे शब्द त्याची अक्षरे पुरवतात, तसे इथे घडते : ओळीला जमले नाही ते रकाना भरून काढतो. ही व्यवस्था विलक्षण कणखर आहे, पण तिचा एक तोटा आहे आणि तो ज्याला ठाऊक नाही त्याची घोर निराशा होते. दुरुस्तीची मर्यादा गाठेपर्यंत चित्रावर तसूभरही परिणाम होत नाही आणि मर्यादा ओलांडली की थेट चौकोन दिसतात, चित्र गोठते, आवाज तुटतो. मधली पायरीच नाही. जुन्या टेपवर चित्र हळूहळू दाणेदार होत जाई, माणूस वेळीच सावध होई. डीव्हीडी तसा इशारा देत नाही. काल नीट चाललेली डिस्क आज अडकली म्हणजे ती काल निरोगी होती, असे म्हणता येत नाही. ती मर्यादेच्या अगदी काठावर उभी असावी, असेच म्हणावे लागते.

तीच डिस्क संगणकावर चालते आणि टीव्हीच्या प्लेअरवर चालत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तरही इथेच आहे. संगणकाचा ड्राइव्ह अडलेल्या जागी वेग कमी करतो, मागे येतो, तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. फाइल कॉपी व्हायला दोन मिनिटे जास्त लागली तरी कुणाचे बिघडत नाही. प्लेअरला ती मुभा नसते. त्याच्याकडे थोडाच साठा हाताशी असतो, तो संपायच्या आत पुढचे चित्र पडद्यावर पाठवावेच लागते, नाहीतर आपल्याला ते अडकलेले दिसते. त्यामुळे मी कोणतीही संशयित डिस्क आधी संगणकात घालते आणि तिच्यावरच्या सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर उतरवून घेते. हे करण्याची दोन कारणे आहेत. मजकूर सुरक्षित होतो, हे पहिले आणि महत्त्वाचे. दुसरे म्हणजे सर्वांत निर्णायक चाचणी आपोआप होते : उतरवलेली फाइल हार्ड डिस्कवरून चालवताना त्याच जागी तोच दोष दिसला तर तो व्हिडिओतच भरलेला आहे आणि चकती कितीही पुसली तरी जाणार नाही, फाइल स्वच्छ चालली तर दोष चकतीत किंवा प्लेअरमध्ये आहे.

माझ्या आत्याकडे तिच्या निवृत्तीच्या समारंभाची डिस्क होती. ‘सगळ्यांची भाषणं नीट दिसतात गं, माझं भाषण आलं की मेली अडकते,’ असे ती सांगायची. तिचे भाषण शेवटी होते, एवढे कळल्यावर मला डिस्क पाहायची घाई झाली, कारण डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि कार्यक्रमाचा शेवट हा चकतीच्या कडेला असतो. दिव्याखाली डिस्क तिरकी धरली की बर्न झालेला भाग कोऱ्या भागापेक्षा किंचित गडद दिसतो आणि दोहोंच्या सीमेवर एक सुरेख वर्तुळ उमटते. आत्याच्या डिस्कवर ते वर्तुळ कडेपासून जेमतेम नखभर आत होते. म्हणजे चकती काठोकाठ भरलेली होती. पालथी करून पाहिली तर वर छापलेला कागदी गोल लेबल चिकटवलेला आणि त्याची एक बाजू फुगून वर आलेली. निदान करायला आणखी काही नको होते. कागद दमटपणा धरतो, फुगतो, आकसतो आणि आपल्याबरोबर चकतीलाही हलकेच वाकवतो. त्याचा तोल जरासा एका बाजूला असेल तर फिरताना चकती थरथरते. हा वाकडेपणा मध्यापाशी नगण्य आणि कडेला सर्वांत जास्त असतो. शिवाय रंगाचा थर सारख्या जाडीचा पसरवणे कडेला अधिक अवघड असते आणि आपण डिस्क उचलतो तीही कडेलाच धरून. आत्याच्या भाषणाच्या वाट्याला चकतीवरची सर्वांत वाईट जागा आली होती.

लेबल काढायचा मोह मी टाळला. एकदा नीट चिकटलेला कागद ओढताना चकती वाकते आणि मधला चिकटवलेला जोड सुटू शकतो. डिस्क तशीच ड्राइव्हमध्ये घातली. सुरुवातीला फाइली भराभर उतरत होत्या, शेवटच्या फाइलीपाशी वेग मंदावला, ड्राइव्हचा आवाज खाली आला, मध्येच तो थांबून पुन्हा फिरू लागला. पण अखेर सगळ्या फाइली आल्या. हार्ड डिस्कवरून ते भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत निर्वेध चालले. मग बिनलेबलच्या चांगल्या डिस्कवर ते सावकाश बर्न केले, मधल्या पारदर्शक कड्यापाशी पाण्याच्या शाईच्या मार्करने तारीख लिहिली आणि आत्याच्याच प्लेअरवर लावून दाखवले.

व्हिडिओतच भरलेल्या दोषांकडे लोकांचे सहसा लक्ष जात नाही, म्हणून तिथे जरा थांबते. टीव्हीच्या साध्या डीव्हीडी प्लेअरला कोणतीही व्हिडिओ फाइल चालत नाही. त्याला एमपेग-२ स्वरूपातले चित्र लागते, ७२० गुणिले ५७६ या आकाराचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे (फ्रेमचे), किंवा ७२० गुणिले ४८० चे आणि २९.९७ चौकटींचे, आवाज डॉल्बी डिजिटल, पीसीएम किंवा एमपेगच्या ठरावीक प्रकारातलाच हवा. ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर चकतीच्या मुळाशी, दुसऱ्या कोणत्याही फोल्डरच्या पोटात नाही असा, आणि त्यात आयएफओ, बीयूपी व व्हीओबी या तीन जातींच्या फाइली हव्यात. मोबाइलमधली फाइल तशीच ओढून डिस्कवर टाकली, की संगणक ती आनंदाने दाखवतो आणि प्लेअर मात्र डिस्क परत करतो. विंडोज ७ मध्ये कोरी डिस्क घातल्यावर दोन पर्याय विचारले जात : ती यूएसबी पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी. पहिला पर्याय आधीच निवडलेला असे. तो स्वीकारून भरलेल्या कितीतरी डिस्क प्लेअरना समजल्या नाहीत, कारण त्यांवरची फाइल-व्यवस्था प्लेअरला अपेक्षित असलेल्या जुन्या यूडीएफ १.०२ पेक्षा वेगळी होती. त्या चकत्यांमध्ये आजही काही बिघडलेले नाही.

बिटरेटचे, म्हणजे सेकंदाला किती माहिती लागते त्याचे, गणित तर प्रत्येक घरगुती डीव्हीडी बनवणाऱ्याने एकदा कागदावर करावे. चित्र, आवाज आणि उपशीर्षके मिळून सेकंदाला १०.०८ मेगाबिट ही डीव्हीडी-व्हिडिओची कमाल मर्यादा आहे, आणि तीत एकट्या चित्राचा कमाल वाटा ९.८ चा. ‘उत्तम दर्जा’ हवा म्हणून कुणी चित्राला ९.५ देतो आणि आवाज न दाबता पीसीएममध्ये ठेवतो. त्या आवाजाला १.५ मेगाबिट लागतात, बेरीज ११ होते आणि मर्यादा मोडते. अशी डिस्क शांत दृश्यात नीट चालते आणि गर्दी, पाऊस, नाच, पाण्याच्या लाटा असे काही आले की अडखळते. अडखळण्याच्या जागा दृश्यांच्या स्वरूपाशी जुळत असतील तर बिटरेटवर संशय घ्यावा. त्या चकतीच्या कडेशी जुळत असतील तर लेबल आणि वाकडेपणा तपासावा. उलट दिशेनेही हिशोब करता येतो : ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तासांचा कार्यक्रम बसवायचा तर सेकंदाला सरासरी ५.२ मेगाबिटच वाट्याला येतात. घरच्या चित्रीकरणाला ते पुरेसे असतात. हे ४.७ जीबी संगणक ४.३८ असे दाखवतो, म्हणून डिस्कमध्ये काही कमी भरले असे समजू नये. मोजण्याचे एकक तेवढे वेगळे आहे.

हलत्या वस्तूंच्या कडा थरथरत असतील, माणूस चालताना पुढे-मागे झटके खात आहे असे वाटत असेल, आणि तीच डिस्क संगणकाच्या पडद्यावर बरी दिसत असेल, तर चौकटीतल्या आळीपाळीने दाखवल्या जाणाऱ्या सम-विषम रेषांचा क्रम उलटा झालेला असण्याची दाट शक्यता असते. डीव्ही या डिजिटल कॅमेऱ्याच्या टेपवरचे चित्रीकरण खालच्या रेषांपासून सुरू होते. रूपांतर करताना ते वरच्या रेषांपासून सुरू होते असे सांगितले गेले, की प्रत्येक सेकंदात काळ मागे-पुढे होतो. आवाज मागे पडण्याच्या तक्रारीत एकच गोष्ट पाहायची : अंतर सुरुवातीपासून सारखे आहे की वाढत जाते. वाढत जात असेल तर बहुधा मूळ फाइलचा चौकटींचा वेग कमी-जास्त होत होता, जसा मोबाइलच्या चित्रीकरणात होतो, आणि रूपांतराच्या आधी तो एकसारखा करून घ्यायला हवा होता. यातल्या कशाचाही चकतीशी संबंध नाही. नवी डिस्क आणून पुन्हा बर्न केले तर तोच दोष नव्या चकतीवर जाईल.

बर्न करायच्या डिस्कच्या प्लस आणि मायनस या दोन प्रकारांचा वाद आता फारसा उरलेला नाही. डीव्हीडी-आर १९९७ मध्ये आली, डीव्हीडी+आर २००२ मध्ये, आणि त्यानंतरचे बहुतेक प्लेअर दोन्ही वाचतात. त्याहून जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर वापरावी, किंवा बर्नरला ती सोय असल्यास प्लस डिस्कची नोंद डीव्हीडी-रॉम, म्हणजे छापील डिस्क, अशी करून घ्यावी. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कची गोष्ट निराळी. एकपदरी छापील डिस्क निदान ४५ टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू १८ ते ३० टक्केच. दुपदरी छापील डिस्कही तेवढाच पाठवते, त्यामुळे काही प्लेअर आरडब्ल्यूला दुपदरी समजून तिचा नसलेला दुसरा थर शोधत बसतात. आरडब्ल्यू चाचणीसाठी ठेवावी. जपून ठेवायचे काही तिच्यावर लिहू नये.

कॅमेऱ्यातून थेट ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कवर केलेले चित्रीकरण प्लेअर किंवा संगणक कोरे दाखवत असेल, तर ती फायनलाइझ करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी अशी शेवटची नोंद लिहून बंद करायची, राहिली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. ज्या कॅमेऱ्याने लिहिले त्याच कॅमेऱ्यात, किंवा निदान त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात, ते काम अजूनही होऊ शकते. संगणकाने ‘कोरी डिस्क, फॉरमॅट करू का?’ असे विचारले तर त्याला कधीही होकार देऊ नये.

बर्न करण्याच्या वेगाबद्दल माझे मत ठाम आहे. १६एक्सने, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापटीने, लिहिताना चकती मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे घेते आणि लेझरला प्रत्येक खुणेसाठी मिळणारा वेळ अतिशय थोडा असतो. त्याउलट नव्या डिस्कला अगदी कमी वेगही मानवत नाही, कारण तिचा रंग जास्त वेगासाठी जुळवलेला असतो. १६एक्सच्या डिस्कवर ८एक्स हा मला मानवलेला मध्यममार्ग आहे; पूर्ण डिस्कला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. बर्न झाल्यावर ‘व्हेरिफाय’चा, म्हणजे लिहिलेले वाचून ताडून पाहण्याचा, पर्याय न चुकता वापरावा. खोक्यावरच्या नावावर फार विसंबू नये : एकाच नावाखाली निरनिराळ्या कारखान्यांतला माल येतो आणि खरा उत्पादक डिस्कच्या आत लिहिलेल्या सांकेतिक नोंदीतून कळतो. इमगबर्नसारखे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद दाखवते.

पुसण्याबद्दल थोडेसे. मऊ, धागे न सुटणारे कापड घेऊन मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल गोल नाही. मध्यापासून कडेकडे गेलेल्या ओरखड्यावरून लेझर क्षणात पुढे जातो आणि रकाने तेवढे भरून काढतात. फेरीच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र माहितीचा सलग पट्टाच झाकतो. बोटांचे तेलकट ठसे साध्या कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने जातात.

हे सगळे करूनही काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीचे छोटे तुकडे, वाचले जातच नाहीत, अशा डिस्क उरतात. त्यांच्यासाठी मी डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरते. नेहमीची कॉपी पहिल्या अडथळ्यापाशी हात टेकते. डीडीरेस्क्यू अडलेला भाग सोडून पुढे जाते, सोपे ते सगळे आधी उतरवून घेते आणि मग राहिलेल्या जागांकडे परत येऊन २०४८ बाइटच्या एकेका सेक्टरसाठी झगडते. कोणता सेक्टर मिळाला आणि कोणता राहिला याचा नकाशा ते एका लहानशा फाइलीत लिहून ठेवते. हा नकाशा फार मोलाचा असतो, कारण दोन ड्राइव्ह एकाच डिस्कवर एकाच जागी अडतील असे नाही. अर्धवट राहिलेली डिस्क त्यामुळे मी टाकून देत नाही. तिची आयएसओ फाइल (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवते, दोन्हींची आणखी एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर करते, चकती उन्हापासून दूर, डबीत उभी ठेवते, आणि वेगळ्या बनावटीचा ड्राइव्ह हाती आला की तोच नकाशा देऊन राहिलेले तेवढेच सेक्टर त्याच्याकडून वाचून घेते.